डावा हात वर आला की थांबायचं, असं ठरलं होतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एका आजोबांचं पत्र आलं होतं. नातवाची दाढ काढायची होती, आईवडिलांनी सही करून दिली होती, आणि तरी डॉक्टर सहा वर्षांच्या पोराशी वीस मिनिटं बोलत बसले, ‘तुला चालेल ना?’ म्हणून विचारत राहिले, याचा त्यांना राग आला होता. ‘सही आमची आहे ना? मग पोराला कशाला विचारायचं? विचारलं तर जगातलं कुठलं मूल हो म्हणेल?’ असा त्यांचा सवाल. पत्र वाचून मी हसले, आणि मग दोन दिवस ते डोक्यातून जाईना. कारण त्यांचं निम्मं म्हणणं बरोबर आहे, आणि उरलेल्या निम्म्यात मी सव्वीस वर्षं घालवली आहेत.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. दातांच्या दवाखान्यात मदतनीस होते, शेवटची एकोणीस वर्षं फक्त लहान मुलांच्या डॉक्टरांकडे. खुर्चीच्या डाव्या अंगाला स्टुलावर बसायचं, सक्शनची नळी धरायची, सिमेंट कालवून द्यायचं, ट्रे लावायचा आणि मुलांचे हात धरायचे. हे शेवटचं काम कोणी शिकवत नाही. पगारही त्याचा वेगळा नसतो. त्याच्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी सहीचं बघू, कारण आजोबांना वाटतं तितकी तीही सरळ नसते. मुलाला घेऊन येतं कोण? आई येते, कधी आजी, कधी शेजारच्या काकू, कधी कॉलेजात जाणारा मोठा भाऊ. फॉर्म पुढे केला की ज्याच्या हातात पेन तो सही करतो. वेगळे राहणारे आईवडील असले तर फोनवर एक म्हणतो काढून टाका, दुसरा म्हणतो हात लावलात तर बघा. खरी परीक्षा पूर्ण भूल देऊन काम असतं तेव्हा. एकदा एका लहान मुलाचे दोन दात काढायचे ठरले होते. आत घेतल्यावर तिसराही किडून गेलेला दिसला, एक्स-रेत नीट न दिसलेला. मूल झोपलेलं, तोंड उघडं, हत्यारं हातात. तिथल्या तिथे काढून टाकला असता तर कोणाला काय कळणार होतं? डॉक्टरांनी हातमोजे उतरवले, बाहेर गेले, आईवडिलांना समजावून सांगितलं, विचारलं आणि परत आले. भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघत होते. परत आल्यावर डॉक्टर एवढंच म्हणाले, ‘सही दोन दातांची होती.’

सहीबद्दल इतके काटेकोर असलेले हेच डॉक्टर, आणि त्यांच्या शेजारी बसलेली मी. आता पुढचं ऐका.

सात वर्षांची मुलगी होती. खालची मागची दुधाची दाढ पोखरलेली. ‘दुधाचीच आहे, पडणारच आहे’ असं सगळे म्हणतात, पण ही दाढ दहा-अकरा वर्षांपर्यंत जागा धरून ठेवते, म्हणून ती वाचवायची. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे सगळं केलं. आधी सांगितलं, मग दाखवलं. फिरणारा ब्रश तिच्या अंगठ्याच्या नखावर लावला, एअरोटरचं, म्हणजे दात कोरायच्या यंत्राचं, पाणी तिच्या तळहातावर उडवलं. ती हसली. मग ते म्हणाले, ‘काही दुखलं, थांबावंसं वाटलं, तर डावा हात वर कर. मी लगेच थांबणार. कबूल?’ तिने कबूल म्हटलं. डावाच हात का, तर उजव्या बाजूला डॉक्टर असतात आणि त्यांच्या हातात चालू यंत्र असतं. डावा हात माझ्या बाजूला येतो.

काम तीन चतुर्थांश झालं असेल. हात वर आला. डॉक्टर म्हणाले, ‘झालंच, झालंच, दहा सेकंद.’ आणि मी तो हात खाली घेतला. दाबला नाही, हिसकला नाही. कुरवाळत, ‘शहाणी माझी बाय ती’ म्हणत खाली घेतला आणि धरून ठेवला. दहा सेकंदांचं मिनिट झालं. तो हात पुन्हा वर यायला बघत होता, त्या मनगटाचा जोर मला तळव्यात कळत होता. मग जोर थांबला. दाढ छान भरली गेली. ती रडली नाही. आई खूश झाली.

मुलांच्या डॉक्टरांच्या कार्डावर मूल कसं वागलं याची एक खूण करायची पद्धत आहे. फ्रँकल नावाच्या डॉक्टरांनी १९६२ साली सुचवलेली, चार पायऱ्यांची. मूल लाथा झाडत असेल, काहीच करू देत नसेल तर दोन उणे. कुरकुरत असेल तर एक उणे. बिचकत का होईना पण सांगितलेलं ऐकत असेल तर एक अधिक. हसतखेळत करून घेत असेल तर दोन अधिक. तिच्या कार्डावर त्या दिवशी दोन अधिक पडले.

तीन आठवड्यांनी ती दुसऱ्या बाजूच्या दाढेसाठी आली. डॉक्टरांनी तेच वाक्य म्हटलं, ‘डावा हात वर कर, मी थांबणार, कबूल?’ तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. दोन्ही हात उचलले, स्वतःच्या मांड्यांखाली घातले, त्यावर बसली आणि तोंड उघडलं.

कामभर ते हात तिथेच होते. कार्डावर परत दोन अधिक.

आजोबा, तुम्ही विचारता पोराला कशाला विचारायचं. मी म्हणते, विचारून मोडण्यापेक्षा न विचारलेलं परवडलं. त्या मुलीकडे आम्ही काही मागितलं नसतं आणि सरळ काम केलं असतं, तर ती फार तर रडली असती. आम्ही तिला शब्द दिला, आणि तो मोडताना तिचाच हात वापरला. हे मी माझ्या डॉक्टरांना वाईट ठरवायला लिहीत नाही. काम अर्धवट सोडलं तर दाताला धोका, सुन्नपणा उतरायला लागलेला, बाहेर चार मुलं थांबलेली, हे सगळं खरंच होतं. हात खाली घेणारीही मीच होते.

माझ्या पहिल्या दवाखान्यात याहून वाईट पाहिलं होतं. किंचाळणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात ठेवायचा, कानात सांगायचं की गप्प झालास तरच हात काढीन. आईवडिलांना त्याआधी बाहेर पाठवलेलं असायचं. मला तेव्हा तो एका डॉक्टरचा तापट स्वभाव वाटायचा. नंतर कळलं की ही रीतसर पद्धत होती, तिला नाव होतं, ती शिकवली जायची. अमेरिकेतल्या बालदंतवैद्यांच्या अकादमीने ती आपल्या मार्गदर्शक सूचनांमधून काढली ती २००६ साली. फार जुनी गोष्ट नाही. मुलाला पट्ट्यांच्या फळीवर बांधण्याला पूर्वी ‘रिस्ट्रेंट’ म्हणत, आता ‘प्रोटेक्टिव्ह स्टॅबिलायझेशन’ म्हणतात. नाव गोंडस झालं म्हणून मी कुचेष्टा करायचे, पण नावाबरोबर अटीही आल्या हे मान्य करायला हवं. पालकांची त्यासाठी वेगळी संमती घ्या, का बांधलं आणि किती वेळ ते लिहून ठेवा, डॉक्टरांच्या सोयीसाठी बांधू नका. फक्त एक आहे. माझ्यासारखीने प्रेमाने धरलेला हात त्या व्याख्येत कोणी मोजत नाही. तो कार्डावर येतच नाही.

आता उलटं उदाहरण, नाहीतर आजोबा म्हणतील बाई हळवी आहे.

पाच वर्षांचा मुलगा. गाल सुजलेला, अंगात ताप, दोन रात्री झोप नाही, दाढेखाली पू. त्याला आमच्या कोणाचं तोंड बघायचं नव्हतं. पूर्ण भूल देऊन करायला थांबण्याइतका वेळ नव्हता, आणि नुसती औषधं देऊन घरी पाठवणं म्हणजे पू आतच ठेवणं. डॉक्टर त्याच्यापुढे खाली उकिडवे बसले आणि म्हणाले, ‘हे बघ, ही दाढ आज काढावीच लागणार आहे. तू नाही म्हणालास तरी काढणार. म्हणून मी तुला काढू का असं विचारत नाहीये. पण आईच्या अंगावर झोपून काढायची की एकट्याने खुर्चीत, ते तू सांग.’ तो म्हणाला, ‘घरी जायचं.’ डॉक्टर म्हणाले, ‘काढून झाल्यावर.’ मग तो आईला चिकटला, तेच उत्तर धरलं. आई खुर्चीत आडवी झाली, तो तिच्या अंगावर, त्याचे हात मी धरले. आधीच सांगून धरले, ‘आता मी धरणार आहे आणि झाल्याशिवाय सोडणार नाही.’ सुजलेल्या जागी सुन्न करणारं औषधही धड लागत नाही, हे दातवाल्यांना ठाऊक आहे. तो आकाशपाताळ एक करून ओरडला. मला लाथ बसली. चार मिनिटं लागली. कार्डावर डॉक्टरांनी दोन उणे लिहिले, आणि खाली स्वतःहून लिहिलं: कोणी धरलं, किती वेळ, का थांबता आलं नाही.

आठ दिवसांनी तो जखम दाखवायला आला. माझ्याशी बोलला नाही. रागच होता, आणि तो त्याचा हक्क होता. पण खुर्चीत स्वतः चढला.

त्या मुलीच्या कार्डावर चार अधिक आहेत, या मुलाच्या कार्डावर दोन उणे. कोणावर जास्त जबरदस्ती झाली, हे मला कार्डावरून सांगता येणार नाही.

निवृत्त झाल्यावर या विषयावरचं मिळेल ते वाचत बसले. इंग्रजीत दोन शब्द आहेत, ‘कन्सेंट’ आणि ‘असेंट’. आपण पहिल्याला संमती म्हणू, ती पालकांनी द्यायची. दुसरा मुलाचा होकार. कायद्याने त्याला सहीइतकी किंमत नाही, पण घ्यायचा असतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९५ साली यावर निवेदन काढलं. त्यातली एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून बसले. मुलाचं मत मनावर घ्यायचं नसेल तर ते विचारू नका, आणि तो नाही म्हणाला तरी उपचार करावाच लागणार असेल तर तसं त्याला सांगा, फसवू नका. एवढंच. पाच वर्षांच्या त्या मुलासाठी डॉक्टरांनी केलं ते हेच होतं, निवेदन वाचून केलं की नाही माहीत नाही. सात वर्षांच्या मुलीच्या वेळी आम्ही याच्या नेमकं उलट वागलो.

फसवण्याची सुरुवात बहुतेक वेळा दवाखान्यात नसते, वाटेत होते. ‘काही करणार नाहीत, नुसते बघणार आहेत.’ मूल खुर्चीत बसतं ते हे वाक्य घेऊन. मग आई दारात कुजबुजते, ‘इंजेक्शन हा शब्द काढू नका हं.’ आम्हीही काढत नाही. ‘दाताला झोपवायचं औषध’ म्हणतो. हे खोटं आहे का, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. चार वर्षांच्या पोराला सुन्न होणं म्हणजे काय ते असंच कळतं, त्यामुळे तोपर्यंत मला ते भाषांतर वाटतं. पण पोराने मान वळवून विचारलं, ‘सुई आहे का?’, की भाषांतर संपतं. तिथे नाही म्हणणं हे खोटं. एक डॉक्टरीणबाई काही महिने आमच्याकडे होत्या, त्या सांगायच्या, ‘हो, बारीक आहे. टोचेल. मी पाचपर्यंत मोजणार आहे आणि तेवढ्यात झालेलं असेल.’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं आता हे पोर पळणार. काही पळायचे. बरेचसे पाच मोजायचे. त्याउलट घरी आगाऊपणा केला की ‘थांब, डॉक्टरांना सुई टोचायला सांगते’ असा धाक घालणारे पालक. त्यांनी आमचं काम किती अवघड करून ठेवलंय याची त्यांना कल्पना नसते.

जिथे थांबता येतं तिथे मात्र मुलाचा नकार नुसता ऐकून सोडून देऊ नये, मोजावा. तारा लावायच्या असल्या की बारा वर्षांचा मुलगा मख्ख चेहऱ्याने बसलेला असतो आणि आई बोलत असते. दीड-दोन वर्षं त्या तारा त्याच्या तोंडात राहणार, घासायच्या त्याने, टोचणार त्याला. दात नुसते थोडे वाकडे असतील आणि त्याचं त्याला काही वाटत नसेल, तर वर्षभर थांबलं म्हणून काय बिघडतं? डॉक्टर तसं सांगून परत पाठवायचे आणि आया चिडायच्या. किडीवर लावायचं चांदीचं एक औषध आहे, सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. यंत्र नाही, सुई नाही, कीड बऱ्याचदा तिथेच थांबते, फक्त किडलेला भाग काळा कुळकुळीत होतो. तीन वर्षांच्या मुलाला त्या काळ्याचं काही नसतं, आईला असतं. पांढरेच दात हवेत म्हणून पूर्ण भूल द्यायला तयार झालेले पालक मी पाहिलेत, आणि त्यांना मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण येणारे-जाणारे आईलाच बोलतात. पण भूल मुलाला मिळते. आठ वर्षांची मुलगी मात्र आरसा बघते. तिला विचारायचं.

आणि चौदा वर्षांची आली की गणित पुन्हा बदलतं. एक मुलगी नेहमीच्या तपासणीला आली होती. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजून गुळगुळीत, पातळ झालेली. पोटातलं आम्ल वारंवार तोंडात आलं की असं होतं. त्याची कारणं बरीच असतात, त्यातलं एक म्हणजे मुद्दाम उलट्या करणं. डॉक्टरांनी आईला बाहेर एक फॉर्म भरायला पाठवलं आणि मुलीला हळूच विचारलं. ती मला बघून गप्प झाली, तशी मी उठून हत्यारं धुवायला गेले. नळ बारीक सोडला होता, ऐकू आलंच. ‘आईला सांगू नका.’ डॉक्टर म्हणाले, ‘आज सांगणार नाही, हे मी म्हणू शकतो. कधीच सांगणार नाही, असं म्हणू शकत नाही. तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर सांगेन, पण तुला आधी सांगून.’ पुढे तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं, काय झालं ते मला माहीत नाही. पण तोपर्यंत आमचे डॉक्टर पाळता येईल तेवढाच शब्द द्यायला शिकले होते.

इंग्लंडमध्ये १९८५ साली गिलिक नावाच्या बाईंच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की सोळाच्या आतल्या मुलाला समोरचा उपचार नीट समजत असेल तर त्याची स्वतःची संमती पुरते. मोठी गोष्ट होती. पण १९९२ साली तिथल्याच अपील कोर्टाने, सोळा वर्षांची एक मुलगी खाणं नाकारून आजारी पडलेली असताना, म्हटलं की तिचा नकार न्यायालयाला बाजूला ठेवता येतो. म्हणजे समजूतदार मुलाचा होकार चालतो, नकार अडवू शकत नाही. जीव जाण्याची वेळ असेल तर मलाही ते पटतं. पण हीच रीत जिवाशी संबंध नसलेल्या किरकोळ भरणीपर्यंत झिरपते, तेव्हा त्याला विचारणं म्हणत नाहीत. ती नुसती हो म्हणण्याची वाट पाहणं असते.

माझी मागणी छोटी आहे. केसपेपरवर पालकांच्या सहीखाली एक ओळ असावी. मुलाला काय सांगितलं आणि ते काय म्हणालं. धरावं लागलं असेल तर कोणी, किती वेळ, का थांबता आलं नाही. मऊ हाताने धरलं असलं तरी. मूल कसं वागलं याची खूण साठ वर्षं लिहिली जातेय, आम्ही कसे वागलो त्यालाही एक रकाना द्या.

त्या मुलीच्या दुसऱ्या खेपेनंतर मी डॉक्टरांना काही बोलले नाही. तेवढी प्राज्ञा नव्हती. पण मला एक युक्ती सापडली. यंत्रातून पाणी सतत येत असतं, आणि सक्शनची नळी बाहेर काढली की दोन सेकंदांत तोंड भरतं, मग डॉक्टरांना थांबावंच लागतं. पुढच्या मुलाचा हात वर आला तशी मी नळी बाहेर काढली. डॉक्टरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी म्हटलं, ‘हात वर आहे.’ त्या दिवशी घुश्शात होते, दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी हात वर आल्यावर त्यांनी स्वतःच पाय पॅडलवरून काढला.

वेळ किती जातो म्हणाल, तर फार नाही. पहिल्या मिनिटात मुलं दोन-तीनदा हात वर करतात, मग बहुतेक जण करतच नाहीत. नऊ वर्षांचा एक होता. यंत्र सुरू होऊन पाच सेकंद झाले नाहीत तोच हात वर. थांबलो. डॉक्टरांनी विचारलं, ‘दुखलं का रे?’ त्याने चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाला, ‘नाही. थांबता का ते बघत होतो.’

आपली,
एक निवृत्त दवाखाना मदतनीस